वन टन: जबलपूरच्या एका गाडीचा इतिहास आणि माझा हिशेब

शक्तिमान ट्रकवर बोललो तेव्हा माझ्या मागे अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी उभं होतं. भोपाळ, बेळगाव, बडोदा, हैदराबाद, सगळीकडून एकच प्रश्न आला: शक्तिमानचं राहू द्या, ते मागचं काय आहे? आज त्याच्याबद्दलच बोलतो.

ती निसान आहे. फौजेत तिला निसान फार कोणी म्हणत नसे. शक्तिमान म्हणजे 'थ्री टन' आणि ही 'वन टन'. पुढे नाकाडं, दोन-तीन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, चारही चाकांना जोर. आजची मुलं तिला पिकअप म्हणतील. ती मी गेल्या पावसाळ्याआधी मंडला रस्त्यावरच्या एका लाकूडकटाईच्या कारखान्यातून घेतली. विकणाऱ्याने पहिल्याच वाक्यात धोनीचं नाव घेतलं. रांचीच्या आपल्या माजी कर्णधाराने 2019 मध्ये जोंगा घेतली, तेव्हापासून फौजेची कुठलीही जुनी गाडी विकायची झाली की आधी धोनी येतो, मग किंमत येते. मी जोंगा आणि वन टन यांतला फरक सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "साहब, खून तो एक ही है." ते मात्र त्याचं बरोबर होतं.

त्या एका रक्ताची गोष्ट आधी सांगतो.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या फौजेच्या गाड्या म्हणजे दुसऱ्या महायुद्धातून उरलेली वरात होती. फोर्ड, शेवर्ले, डॉज, विलिसच्या जीपा. गाडी एका देशाची, सुटे भाग दुसऱ्या देशाचे, आणि जे मिळत नाही ते आपल्या लोहाराचं. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, गाड्या सरकारी आयुध कारखान्यांतच बनवायच्या असं ठरलं. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान आला आणि पाठोपाठ जपानच्या निसानकडून हलक्या गाड्यांचे परवाने आले. जागा ठरली जबलपूर. इथे 1904 पासून तोफगाड्यांचा कारखाना होताच, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी. देशाच्या मधोमध, सरहद्दीपासून लांब, आणि कारागिरांच्या पिढ्या तयार. सुरुवातीच्या गाड्या त्याच कारखान्यातून निघाल्या. 1969 मध्ये खास गाड्यांसाठी वेगळा कारखाना उभा राहिला, व्हेइकल फॅक्टरी जबलपूर, सगळ्यांच्या तोंडी 'व्हीएफजे'. निसान पेट्रोलची देशी आवृत्ती म्हणजे जोंगा. हे नावही जबलपूर, ऑर्डनन्स, गन कॅरेज अशा शब्दांच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं. वन टन तिची थोरली बहीण. दोघींना एकच इंजिन: पेट्रोलवर चालणारं, सहा सिलिंडरचं, 3956 सीसीचं. चेहरेपट्टी मात्र वन टनची थेट अमेरिकन डॉजवर गेलेली. म्हणजे अमेरिकन तोंडवळा, जपानी काळीज आणि जबलपुरी हात.

या आकाराच्या गाडीचं महत्त्व कळायला डोंगरातला रस्ता पाहावा लागतो. लष्करात रस्त्याची ओळख रुंदीच्या फुटांत देत नाहीत, त्यावरून कुठली गाडी जाते त्यावर देतात. जीप जाईल तो जीपेबल. वन टन जाईल तो क्लास 5. थ्री टन जाईल तो क्लास 9. नकाशावर रेघ एकच दिसते, पण या तीन शब्दांत तुकडीला रोज किती डाळ, किती रॉकेल आणि किती गोळे पोहोचणार हे ठरून जातं. 1962 मध्ये नामका चूच्या काठावर आपले जवान होते आणि तवांगच्या पुढे त्यांच्यापर्यंत गाडीचा रस्ताच नव्हता. सामान माणसाच्या पाठीवरून किंवा विमानातून. सीमा सडक संघटना 7 मे 1960 ला स्थापन झाली होती. पूर्वेकडचं तिचं काम 'टस्कर' या नावाने सुरू झालं होतं, पुढे त्याचंच 'वर्तक' झालं. पण डोंगर फोडायला वर्षं लागतात. त्या वर्षांत, जीपच्या पुढचा आणि थ्री टनच्या अलीकडचा जो रस्ता असे, तो या गाडीचा.

मी त्या रस्त्यावर पहिल्यांदा गेलो तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, सेकंड लेफ्टनंट म्हणून. एकच प्रसंग सांगतो, कारण माझ्या आजच्या हिशेबाचा पहिला आकडा त्याच्यातून आलाय.

सेलाची खिंड, 13,700 फूट. आम्ही उतरत होतो. नोव्हेंबर, दुपारी तीन, म्हणजे तिकडे संध्याकाळच. हौद्यात रेशन आणि चार माणसं, पुढे मी आणि ड्रायव्हर, हरियाणाचा एक नाईक. एका वळणावर खालून दगड उडाला, पत्र्यावर खणकन आवाज आला आणि पुढच्या वळणावर नाईकाचा पाय पॅडलवर थेट खाली गेला. दगडाने ब्रेकचा पाइप कापला होता. त्या काळच्या या गाड्यांचं ब्रेकचं सर्किट एकच. तेल एका चाकाकडे गळलं की चारही चाकं गेली. तो काही बोलला नाही. गिअर खाली, आणखी खाली, हँडब्रेक, आणि मग डावी बाजू हळूहळू डोंगराला लावत नेली. मडगार्ड, पायरी, हौद्याची कड, सगळं दगडावर घासत, ठिणग्या उडवत, साठ-सत्तर यार्ड. गाडी थांबली. तो खाली उतरला, चाकाखाली दगड लावला, मग मला म्हणाला, "साहब, अब आप उतर सकते हो." उजवीकडची दरी मी उतरल्यावरच पाहिली.

आता त्या खिंडीखालून बोगदा झालाय, 9 मार्च 2024 ला उद्घाटन झालं. चांगलं झालं.

तर गाडीकडे येतो. बजेट चार लाख. हा आकडा मी ठरवलेला नाही, आम्ही दोघांनी ठरवलाय. तिने तीन म्हटलं, मी पाच म्हटलं. आणि अट अशी की चार म्हणजे चार, "थोडंसंच वर गेलं" हे वाक्य घरात ऐकू येता कामा नये. गाडी नव्वद हजारांना मिळाली. टोचन करून आणायला सहा हजार. म्हणजे पहिला रुपया खर्च करण्याआधी हातात राहिले तीन लाख चार हजार.

त्यातून सगळ्यात आधी साठ हजार बाजूला काढले आणि विसरलो. जुन्या गाडीत जे दिसत नाही त्याचे हे पैसे. लष्करात याला राखीव दल म्हणतात आणि ते पहिल्या गोळीला वापरणारा अधिकारी लवकर घरी जातो. गाडी हाती घेणारे बहुतेक लोक इथेच फसतात. दिसणाऱ्या गंजाचा हिशेब करतात, मग केबिनचा तळ उचकटला की कळतं खाली पत्राच नाही, वर्षानुवर्षांच्या रंगावर आणि चिखलावर पाय ठेवला जात होता.

मग ब्रेक आणि स्टिअरिंग, अडतीस हजार. यात सगळे व्हील सिलिंडर, नवे पाइप, लायनर, आणि दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर. जुन्या गाड्यांचे काही कट्टर भक्त आहेत, त्यांना हे आवडणार नाही. मूळ गाडीत एकच सर्किट होतं, तुम्ही दोन बसवता, मग ती मूळ कशी? मी त्यांच्याशी वाद घालत नाही. सेलाला चला, उतरताना बोलू.

टायर पाच, साडेआठ हजारांप्रमाणे साडेबेचाळीस हजार. कागदपत्रांसाठी वीस. इथे जरा थांबतो, कारण कागद हा या गाडीचा दुसरा इतिहास आहे.

फौजेच्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो. तिचा नंबर वरच्या दिशेने जाणाऱ्या बाणाने सुरू होतो, आणि बाणानंतरचे पहिले दोन आकडे म्हणजे ती फौजेत आली ते साल. हा बाण इंग्रजांच्या दारूगोळा खात्याची जुनी खूण. मालकी सरकारची, चोराने हात लावू नये, एवढाच त्याचा अर्थ होता. गाडी निकालात निघते, लिलाव होतो, आणि मग जो घेतो तो तिची नागरी नोंदणी करतो. माझ्या गाडीच्या पुस्तकात पहिली नोंदणी 1988 ची आहे. गाडी त्याआधीची, हे उघड होतं, पण किती आधीची ते पुस्तकात नाही.

ते मला पॉलिश पेपरने सांगितलं. ड्रायव्हरच्या दाराखालचा पत्रा घासत होतो. वर निळा रंग, लाकूडवाल्याचा. त्याखाली पिवळा. त्याखाली एक विटकरी, बहुधा वीटभट्टीचा. त्याखाली ऑलिव्ह ग्रीन, तोही एकावर एक तीन थर, कारण फौजेत गाडी रंगवायची म्हणजे इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री ब्रशने रंगवायची. तिसऱ्या थराखाली पांढऱ्या रंगाची कड दिसली. मी पेपर टाकला आणि नखाने खरवडायला लागलो. बाण. मग सात. मग एक.

71. म्हणजे गाडी ज्या वर्षी फौजेत आली त्या वर्षीच्या डिसेंबरात युद्ध झालं. ती तेव्हा कुठे होती, होती की नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही आणि मी काही जोडणार नाही. तुम्ही जोडलंत तर माझी हरकत नाही.

आता नियम बघा. केंद्राने जुलै 2021 मध्ये जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. फी वीस हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, मुदत दहा वर्षं, गाडी धंद्यासाठी वापरायची नाही. अट अशी की पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली असावीत, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. माझी गाडी 1971 ची. पण सरकारच्या दृष्टीने तिचा जन्म 1988 चा. म्हणजे ती व्हिंटेज होणार 2038 मध्ये. तेव्हा मी ऐंशी वर्षांचा असेन. सतरा वर्षं देशाची नोकरी केली ती वयात धरली जात नाही, हे ऐकून आमच्या माजी सैनिकांच्या कट्ट्यावर जे हसू झालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

म्हणून सध्या साधाच मार्ग: फिटनेस करून घ्यायचं, जुन्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं. लोकहो, गाडी घेण्याआधी पुस्तकावरचा चासी नंबर चासीवर स्वतः वाचा. गंजाखाली असेल तर घासून वाचा. पत्रा, इंजिन, टायर, सगळं विकत मिळतं. नंबर जुळत नसेल तर तुमच्याकडे गाडी नाही, भंगार आहे.

ब्रेक, टायर, कागद काढून उरले एक लाख साडेत्रेचाळीस हजार. आणि आता इंजिन.

बॉनेट उघडलं तेव्हा आत मूळ सहा सिलिंडर नव्हतंच. टेम्पो ट्रॅक्सचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं, मर्सिडीजच्या आराखड्याचं, भरवशाचं. हे होणारच होतं. मूळ इंजिन लिटरला चार-पाच किलोमीटर देतं. फौजेला ते परवडत होतं, वीटभट्टीवाल्याला कसं परवडणार? हिमाचल, पंजाब, आसाम, कुठेही जा, लिलावातून बाहेर पडलेल्या या गाड्यांत डिझेल इंजिनं सापडतील. हरियाणात मंडी डबवालीला तर जीपा नव्याने बांधायचा अख्खा उद्योग आहे. त्या लोकांनीच या गाड्या जिवंत ठेवल्या. नाहीतर त्या कधीच भट्टीत वितळल्या असत्या.

म्हणजे प्रश्न असा की मी ही गाडी कुठल्या सालात परत नेतोय? 1971 मध्ये? की त्या सालात, जेव्हा कुणीतरी डिझेल इंजिन बसवून तिला पोटापाण्याला लावलं? लाकूड वाहिलेली वर्षं हाही तिचा इतिहासच आहे, आणि फौजेतल्या वर्षांपेक्षा तो जास्त मोठा आहे. डिझेल ठेवलं तर पाऊण लाख वाचतात, शिवाय चालवणं निम्म्याहून स्वस्त. आमच्या घरातल्या अर्थखात्याचं मत अर्थातच डिझेलकडे.

मी रांझीला गेलो. रांझी म्हणजे या कारखान्यांच्या शेजारची वस्ती. प्रत्येक गल्लीत एक निवृत्त फिटर सापडतो. जबलपुरात मराठी माणूस नवा नाही, नागपूरकर भोसल्यांची सत्ता इथे 1817 पर्यंत होती, पण रांझीत मराठी, बंगाली, तमिळ, बिहारी असं काही राहत नाही, सगळे 'फॅक्टरीवाले'. तिथल्या एका भंगारवाल्याकडे निसानचं इंजिन होतं, तीस हजारांना. त्याने पत्ता दिला तो मिस्त्रीजींचा. वय अठ्ठ्याहत्तर. व्हीएफजेमध्ये याच इंजिनांच्या जुळणीवर आयुष्य गेलेलं. डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मी टॉर्च धरला तर म्हणाले, बंद करा, त्याची गरज नाही. ब्लॉकवर हात फिरवला, बोअरच्या वरच्या काठावर अंगठ्याचं नख अडकतं का पाहिलं, क्रँक हाताने हलवला, कान लावला. मग म्हणाले, दोन नंबर आणि पाच नंबर जास्त खाल्लेत, बाकी ठीक. लेथवाल्याकडे मापलं तेव्हा तेच निघालं.

मी विचारलं, हे इंजिन बांधू शकणारे आता किती उरलेत? त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली, बोटांवर. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचे आणि बोट परत मिटायचे. शेवटी तीन बोटं उघडी राहिली, त्यातलं एक त्यांचं स्वतःचं.

निर्णय तिथे झाला. डिझेलचे सुटे भाग आणि ते बांधणारे हात आणखी वीस वर्षं मिळतील. मिस्त्रीजींचे हात नाही. इंजिन तीस हजार. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगचे शेल, व्हॉल्व्ह, गास्केट आणि मजुरी धरून पंचेचाळीस हजार. मजुरी ते घेतच नव्हते. मी म्हटलं, फौजेत फुकट काम फक्त डिफॉल्टर करतात, तेव्हा हसून तयार झाले. त्यांची एक अट होती: दोन पोरं बरोबर हवीत, शिकणारी. एक त्यांचा नातू, आयटीआयचा. दुसरा लेथवाल्याचा मुलगा.

यामुळे माझी सगळी योजना उलटी झाली. नियमाप्रमाणे आधी ब्रेक, मग इंजिन. गाडी थांबायला शिकल्याशिवाय तिला चालायला शिकवायचं नाही. पण योजनेत जी गोष्ट सगळ्यात दुर्मीळ, तिच्यावरून वेळापत्रक ठरतं, आणि इथे दुर्मीळ गोष्ट म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाची दृष्टी आणि ताकद. म्हणून इंजिन आधी, पण गाडीत नाही. व्हरांड्यात लोखंडी घोड्यावर. ब्रेक होईपर्यंत ते गाडीत उतरणार नाही, हे मी मिस्त्रीजींना आणि घरी, दोन्हीकडे लिहून दिलंय. इंजिन बदलाला आरटीओची परवानगीही लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम 52. तो अर्ज आत्ताच दिलाय, कारण कागद मिस्त्रीजींपेक्षाही सावकाश चालतात. निघालेलं डिझेल इंजिन विकलं जाईल, पण ते पैसे हिशेबात धरलेले नाहीत. हातात आले की धरू.

उरले साडेअडुसष्ट हजार. पत्रा, केबिनचा तळ, हौद्याच्या लाकडी फळ्या आणि मागचा फाळका, चाळीस हजार. वायरिंग बारा हजार. जुनी वायर जोडून-जोडून वापरू नका, जुन्या गाड्या जळतात त्या त्यानेच. राहिले साडेसोळा हजार, आणि राहिला रंग.

साडेसोळा हजारांत आजकाल स्कूटरसुद्धा नीट रंगवून मिळत नाही. पण ही गाडी कधी बूथमध्ये रंगलीच नव्हती, ब्रशनेच रंगली होती, तेव्हा ब्रश हाच तिचा खरा इतिहास, असं मी घरी पटवून दिलं. अडचण पैशाची नाही, रंगाची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, क्रमांक 121: संरक्षण खात्याची गाडी सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. नियम योग्यच आहे, आणि मी तो मोडणार नाही. उद्या कुणीही हिरवी गाडी घेऊन छावणीत शिरेल. पण बत्तीस वर्षं मी ज्या रंगाच्या गाड्यांत फिरलो, त्याच रंगाची गाडी त्याच रंगात परत आणता येत नाही, हे ऐकायला सोपं असलं तरी हातात ब्रश असताना सोपं नाही.

वाळूचा मातकट रंग ठरवलाय. बाहेरून सगळी मातकट. फक्त ड्रायव्हरच्या दाराखालचा तो वीतभर तुकडा, जिथे बाण आणि 71 निघालं, तो मी रंगवणार नाही. वर स्वच्छ लॅकरचा एक हात आणि त्यावर पायरीची रबरी पट्टी, उचलली तर दिसेल अशी. नियम रंगवण्याबद्दल आहे, न खरवडण्याबद्दल नाही, असं माझं वकिली डोकं सांगतं. आरटीओचा माणूस वेगळं म्हणाला तर ब्रश तयार आहे.

काल संध्याकाळी मिस्त्रीजी आले होते. क्रँक बसलाय. नातवाने टॉर्क रेंच लावली, आणि आजोबांनी ती बाजूला ठेवून साध्या पान्याने एक बोल्ट आवळून दाखवला. मग म्हणाले, आता रेंचने बघ. काटा बरोबर आकड्यावर होता. पोरगं काही बोललं नाही, पण पुढचे सगळे बोल्ट आवळताना त्याची नजर काट्याकडे नव्हती, आजोबांच्या मनगटाकडे होती. पुढच्या सोमवारी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी पिस्टन घालून घ्यायचे, असं त्यांचं ठरलंय.